भांडण मिटवणं पुरेसं नाही: शाळेत आणि वस्तीत रिस्टोरेटिव्ह पद्धत कशी राबवावी

शाळेत काही वावगं घडलं की सहसा तीन गोष्टी विचारल्या जातात: नियम कोणता मोडला, कोणी मोडला आणि त्याला शिक्षा काय. रिस्टोरेटिव्ह पद्धत वेगळ्या टोकापासून सुरुवात करते. झळ कोणाला बसली, त्यांना आता कशाची गरज आहे आणि ती भागवण्याची जबाबदारी कोणाची, हे ती विचारते. शिक्षा भोगून मूल मोकळं होतं, पण ज्याचं नुकसान झालं त्याच्या हाती काहीच लागत नाही. ती उणीव भरून काढणं हा या पद्धतीचा गाभा आहे.

ही पद्धत नवी नाही. १९७४ साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या एल्मायरा गावात दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. न्यायाधीशांच्या परवानगीने त्यांना नुकसान झालेल्या लोकांच्या दारात नेण्यात आलं आणि नंतर त्यांनी भरपाईही केली. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने कुटुंबासह घेतली जाणारी बैठक बालगुन्हेगारीच्या प्रक्रियेत आणली. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या शाळांमध्ये अशा बैठका १९९४ पासून होऊ लागल्या.

ही पद्धत म्हणजे सगळ्यांनी गोल करून बसायचं आणि मन मोकळं करायचं, अशी समजूत पसरलेली आहे. प्रत्यक्षात बैठक, म्हणजे दोन्ही बाजूंनी समोरासमोर बसून बोलणं, हा कामाचा सगळ्यात छोटा भाग असतो. दीड तासाच्या बैठकीमागे पाच-सहा तासांची तयारी असते आणि पुढे महिना-दीड महिना पाठपुरावा लागतो. या दोन टोकांना काटकसर केली की बैठक कितीही छान झाली तरी फुकट जाते.

कुठे वापरू नये

हे सगळ्यात आधी ठरवावं. ज्याच्या हातून घडलं तो 'मी तिथे नव्हतोच' म्हणत असेल, तर बैठक घेऊ नये. खरं-खोटं ठरवायची ही जागा नव्हे. ती चौकशी आधी आणि वेगळी व्हावी. 'मी होतो, पण सगळंच माझ्यामुळे झालं नाही' एवढी कबुली मात्र सुरुवातीला पुरते.

लैंगिक अत्याचार, घरातली हिंसा, शस्त्राचा वापर, मुलाच्या जिवाला धोका अशा प्रकरणांत कायद्याने ज्या यंत्रणेला कळवायचं तिला लगेच कळवावं. 'आपण आपसात बसून मिटवू' असं शाळेने किंवा वस्तीतल्या ज्येष्ठांनी म्हणणं इथे घातक आहे.

महिनोन्‌महिने चाललेल्या छळाच्या प्रकरणांत दुप्पट सावध राहावं. एकीकडे टोळी आणि दुसरीकडे एकटं मूल असेल, तर समोरासमोर बसवणं म्हणजे टोळीला आणखी एक व्यासपीठ देणं. आधी छळ थांबवायचा, मुलाच्या सुरक्षेची सोय लावायची आणि मग हवं तर सुलभकाने, म्हणजे ही प्रक्रिया चालवणाऱ्या तटस्थ माणसाने, दोन्हीकडचे निरोप पोहोचवायचे. समोरासमोर भेट झालीच नाही तरी काम होऊ शकतं.

आणि ज्याला झळ बसली त्याने 'नको' म्हटलं, तर विषय तिथेच थांबतो. 'सगळे तयार आहेत, तुझ्यासाठीच थांबलेत' असं म्हणून घेतलेली संमती ही संमती नव्हे.

पाया: रोजचा गोल

ज्या वर्गाला गोलात बसायची सवय नाही, त्याला भांडण झाल्यावर पहिल्यांदा गोलात बसवलं तर मुलांना ती नव्या प्रकारची उलटतपासणीच वाटते. म्हणून आधी सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, १५ ते २० मिनिटांचा साधा गोल घ्यावा. त्यात कोणाचंही भांडण आणायचं नाही.

बाकं बाजूला सारून खुर्च्या किंवा सतरंजी मांडावी. मध्ये टेबल नको. सगळ्यांना सगळ्यांचे चेहरे दिसले पाहिजेत आणि शिक्षकानेही त्याच उंचीवर बसावं. १२ ते १५ जणांचा गोल उत्तम चालतो. वर्ग चाळीस-पन्नासांचा असेल तर एकाच मोठ्या गोलात प्रत्येकाला जेमतेम वीस सेकंद येतात आणि निम्मी मुलं कंटाळतात. अशा वेळी अर्धा वर्ग गोलात आणि अर्धा शांत लेखी कामात ठेवावा आणि पुढच्या आठवड्यात अदलाबदल करावी. बाकं जमिनीला ठोकलेली असतील तर सभागृह, व्हरांडा किंवा मैदानाचा कोपरा शोधावा. बाकांवर बसूनच 'समजा आपण गोलात आहोत' असं म्हटल्याने काही साधत नाही.

हातातून हातात फिरणारी एक वस्तू ठेवावी: गुळगुळीत दगड, लाकडी ठोकळा, मऊ चेंडू. ती ज्याच्या हातात तो बोलणार, बाकीचे ऐकणार. वस्तू एकाच दिशेने फिरते, गोल ओलांडून फेकली जात नाही. बोलायचं नसेल तर नुसतं 'पुढे' म्हणून वस्तू सरकवता येते. फेरी संपल्यावर ज्यांनी 'पुढे' म्हटलं त्यांना एकदाच विचारावं, आग्रह करू नये.

पहिल्या आठवड्यांत हलके प्रश्न घ्यावेत: 'आज सकाळी काय बरं वाटलं?', 'तुला कोणती गोष्ट इतरांना शिकवता येईल?'. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून 'वर्गात कोणत्या वेळी एकटं वाटतं?' असे प्रश्न यायला हरकत नाही. पहिल्याच दिवशी 'तुझं सगळ्यात मोठं दुःख सांग' असं विचारणारे उत्साही शिक्षक असतात. मुलं एकतर गप्प बसतात किंवा नको तितकं बोलून जातात, आणि मधल्या सुट्टीत त्याचीच चेष्टा होते.

गोल बिघडतो तो बहुधा शिक्षकामुळे. प्रत्येक मुलाच्या बोलण्यानंतर 'छान', 'अरे पण असं नाही म्हणायचं' अशी टिप्पणी आली की मुलं एकमेकांशी न बोलता शिक्षकाला उत्तरं देऊ लागतात. वस्तू हातात नसताना शिक्षकानेही गप्प बसायचं, एवढा एक नियम कसोशीने पाळला तरी निम्म्या अडचणी सुटतात.

गोलातलं बाहेर सांगायचं नाही, असं ठरवताना त्याची मर्यादाही त्याच दिवशी सांगावी. 'कोणाला इजा होतेय किंवा होऊ शकते असं कळलं, तर मला ते योग्य माणसाला सांगावं लागेल.' हे आधी सांगितलं नाही आणि नंतर सांगायची वेळ आली, तर मुलाचा विश्वास कायमचा जातो.

चालता-चालता दोन मिनिटं

दहातल्या आठ प्रसंगांना बैठक लागतच नाही. धक्काबुक्की, टोपणनाव, हिसकावलेली वही या गोष्टी जिन्यात किंवा मैदानावर उभ्या-उभ्या मिटतात. त्यासाठी सुरुवात 'मी'ने करावी. 'तू उद्धट आहेस' याऐवजी 'मी बोलत असताना तू मागे वळून हसलास, तेव्हा माझा धागा तुटला आणि मला वाईट वाटलं.' घडलेली कृती, तिचा परिणाम आणि आपली भावना, एवढंच. मग प्रश्न:

- काय झालं?
- त्या वेळी तुझ्या मनात काय चाललं होतं? आता काय वाटतंय?
- याचा त्रास कोणाला झाला? कसा?
- ते नीट करायला तू काय करू शकतोस?

ज्याला त्रास झाला त्याच्यासाठी प्रश्न वेगळे: 'तुला काय वाटलं? सगळ्यात अवघड काय गेलं? आता काय झालं म्हणजे तुला बरं वाटेल?'

यात 'का केलंस?' नाही, आणि ते मुद्दाम वगळलेलं आहे. 'का' ऐकताच मूल सबब शोधायला लागतं किंवा 'माहीत नाही' म्हणून कवाड लावून घेतं. 'मनात काय चाललं होतं' विचारलं की तेच उत्तर बचावाशिवाय येतं.

हे प्रश्न खिशात मावेल अशा कार्डावर छापून मैदानावर लक्ष ठेवणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला द्यावेत. घाईत जुन्या सवयी वर येतात, तेव्हा कार्ड उपयोगी पडतं. मात्र मूल रागाने थरथरत असताना एकही प्रश्न विचारू नये. पाणी, शांत जागा आणि किमान २० मिनिटं. बाकी सगळं नंतर.

औपचारिक बैठक: तयारी

एक प्रसंग धरून चालू. तीन मुलांनी मधल्या सुट्टीत अग्निशामक सिलिंडर उघडून व्हरांडाभर पावडर उडवली. झळ कोणाला? पहिलं नाव सफाई करणाऱ्या बाईंचं. तिसरीच्या मुलांनी प्रदर्शनासाठी मांडलेले प्रकल्प खराब झाले. दमा असलेल्या एका मुलाला घरी न्यावं लागलं. आणि सुरक्षेची जबाबदारी असलेल्या शिक्षकांचा सिलिंडर पुन्हा भरून येईपर्यंत निकामी झाला. मुलांच्या लेखी हा 'थोडासा धुरळा' होता. ही यादी काळजीपूर्वक करणं हीच तयारीची पहिली पायरी, आणि शाळेतले कर्मचारी हमखास त्यातून सुटतात.

मग प्रत्येकाला स्वतंत्र भेटावं, प्रत्येकी अर्धा ते एक तास. ज्यांच्या हातून घडलं त्यांना आधी भेटणं बरं. त्यांना जबाबदारी घ्यायचीच नसेल तर ज्यांना झळ बसली त्यांच्या आशा उगाच वाढवायला नकोत. तिन्ही मुलांना वेगवेगळं भेटावं. एकत्र असली की म्होरक्या बोलतो आणि दोघं मान डोलावतात. भेटीत वरचेच प्रश्न विचारायचे, बैठकीत कोण कुठे बसेल आणि कोण कधी बोलेल ते सांगायचं आणि 'कधीही उठून बाहेर जाता येईल' हेही सांगायचं.

झळ बसलेल्या व्यक्तीला दोन गोष्टी विचाराव्यात: समोरच्याकडून काय ऐकायचं आहे, आणि कशाची भीती वाटते. बाईंना 'मी बोलले तर माझ्या नोकरीवर येईल का?' अशी धास्ती असेल, तर मुख्याध्यापकांनी स्वतः त्यांना आश्वस्त केल्याशिवाय बैठक ठेवू नये.

प्रत्येक बाजूला एक-दोन आधाराची माणसं असावीत. पालक येत असतील तर त्यांची तयारी वेगळी करावी, कारण बैठक बिघडवणारे पालक दोन प्रकारचे असतात. एक जण सगळ्यांदेखत मुलावर हात उगारतो, दुसरा 'मुलंच आहेत ती' म्हणून विषयावर पाणी ओततो. दोघांनाही आधीच सांगावं की बैठकीत त्यांना विचारला जाणारा प्रश्न एकच आहे: हे कळल्यावर तुम्हाला काय वाटलं?

सुलभक प्रकरणापासून अलिप्त असावा. वर्गशिक्षकाला किंवा शिक्षा देण्याचा अधिकार असलेल्याला ही जागा देऊ नये.

बैठकीच्या दिवशी

खुर्च्या आधीच मांडून नावं ठरवून ठेवावीत, नाहीतर आत येताच लोक गोंधळतात. सुलभक मध्ये, एका हाताला ज्यांच्या हातून घडलं ते आणि त्यांची माणसं, दुसऱ्या हाताला झळ बसलेले आणि त्यांची माणसं. दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या वेळी बोलवावं. दारात गाठ पडायला नको. पाणी आणि हातरुमाल जवळ असावेत. वेळ ६० ते ९० मिनिटं धरावी आणि घंटा, फोन, खिडकीतून डोकावणारी मुलं यांचा बंदोबस्त करावा.

पहिल्यांदा ज्यांच्या हातून घडलं ते बोलतात. मग झळ बसलेले, मग त्यांची आधाराची माणसं, शेवटी पहिल्या बाजूची माणसं. या क्रमाला अर्थ आहे. कबुली आधी आली की झळ बसलेल्याला आपलं नुकसान सिद्ध करत बसावं लागत नाही.

आपल्या प्रसंगात बाई म्हणतात, 'ती पावडर ओल्या फडक्याला चिकटते. मी आधी सगळी कोरडी झाडली, मग दोनदा पुसलं. शेवटची बस चुकली.' हे ऐकून मुलं खाली बघतात आणि खोलीत शांतता पसरते. इथे सुलभकाने काहीही बोलू नये. मनात दहा आकडे मोजावेत, गरज पडली तर पुन्हा दहा. नवा सुलभक नेमका इथे 'बघा, तुम्हाला कळलं ना?' असं म्हणून मोकळा होतो, आणि मुलांच्या मनात जे उतरत होतं ते तिथेच थांबतं.

लाज वाटणं स्वाभाविक आहे, पण ती चार वाटांनी बाहेर पडते, असं मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड नेथन्सन यांनी मांडलं आहे: माणूस अंग चोरतो, स्वतःलाच कोसतो, विषय टाळतो किंवा समोरच्याच्या अंगावर जातो. बैठकीत हसणारं मूल निर्ढावलेलंच असेल असं नाही. बऱ्याचदा ते टाळत असतं. अशा वेळी 'हसतोस काय?' म्हणण्याऐवजी 'हे ऐकणं अवघड जातंय असं दिसतंय' म्हणावं आणि प्रश्न पुन्हा शांतपणे विचारावा. 'मी वाईटच आहे' असं म्हणणाऱ्या मुलाला कृतीकडे परत आणावं: चूक त्या दुपारची आहे, आणि ती कशी भरून काढायची ते बोलू.

सगळे बोलून झाल्यावर झळ बसलेल्यांना विचारावं: 'यातून तुम्हाला काय मिळायला हवं?' सूचना त्यांच्याकडून येऊ द्याव्यात. माफी मागायला कोणालाही भाग पाडू नये. पढवलेली माफी ऐकणाऱ्याला लगेच कळते. तसंच माफ करायलाही कोणी बांधलेलं नाही.

ठरलेलं कागदावर

'पुन्हा असं करणार नाही' हा करार नव्हे, कारण तो पाळला की नाही हे कोणीच तपासू शकत नाही. प्रत्येक कलमात कोण, काय, कधी, कुठे आणि पाहणार कोण हे असावं. तीन-चार कलमं पुरेत. आपल्या प्रसंगात कागद असा होईल:

- तिघं पुढचे दोन आठवडे मंगळवारी आणि गुरुवारी मधल्या सुट्टीत तिसरीच्या मुलांना प्रकल्प पुन्हा करायला मदत करतील. हजेरी कलाशिक्षक ठेवतील.
- तिघं पुढचे तीन महिने, महिन्यातून एकदा, सुरक्षा शिक्षकांबरोबर सगळ्या सिलिंडरांची तपासणी करतील: काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिन आणि सील शाबूत आहे का. नोंदवहीत तिघांच्या सह्या असतील.
- सिलिंडर भरण्याच्या खर्चातला मुलांचा वाटा सुलभक आणि पालक मिळून ठरवतील, आणि मुलं तो श्रमाने फेडतील.

शेवटचं कलम विचारपूर्वक लिहिलेलं आहे. पालकांनी पैसे भरून टाकले की शाळेचा प्रश्न सुटतो, मुलाच्या वाट्याला काहीच येत नाही. 'बाईंबरोबर आठवडाभर झाडू मारा' असं मात्र बाईंनी स्वतःहून सुचवल्याशिवाय लिहू नये. त्यातून त्यांचं रोजचं काम म्हणजे शिक्षा, असा संदेश जातो. पाटी गळ्यात घालणं, प्रार्थनेला उभं करणं असलं काहीही कागदावर येऊ देऊ नये, कोणी मागितलं तरी.

कागद लिहून होईपर्यंत सगळ्यांना चहा-पाणी द्यावं आणि दहा-पंधरा मिनिटं तशीच जाऊ द्यावीत. बैठकीत जे शब्दांत आलं नाही ते पुष्कळदा या मोकळ्या वेळात होतं. ही वेळ कापू नये.

पहिला पाठपुरावा आठवड्याने, दुसरा चार ते सहा आठवड्यांनी, आणि दोन्ही वेळा झळ बसलेल्यांनाही विचारायचं. कलम मोडलं तर आधी कारण शोधावं. मधल्या सुट्टीत त्याच वेळी मुलांचा सामना ठेवला गेला असेल, तर दोष वेळापत्रकाचा. वेळ बदलावी, हवं तर छोटी बैठक पुन्हा घ्यावी. तरीही टाळाटाळ चालूच राहिली, तर शाळेची नेहमीची कारवाई होईल. हे पहिल्याच भेटीत सांगितलेलं असावं.

निलंबनानंतर मूल परत येतं त्या सकाळी वर्गाआधी २० मिनिटांची छोटी भेट ठेवावी: मूल, पालक, वर्गशिक्षक आणि ज्याच्याशी ते रोज बोलू शकेल असा एक मोठा माणूस. काय बुडलं, ते कसं भरून काढायचं, कोणाला बघून अवघड वाटेल, एवढंच बोलायचं. याला खर्च जवळपास शून्य आहे आणि तरी बहुतेक ठिकाणी हे होत नाही.

वस्तीत करताना

वस्तीत मुख्याध्यापक नसतो, म्हणून बोलावणं कोण धाडतंय याला फार महत्त्व येतं. रात्रीच्या आवाजावरून दोन कुटुंबांत वितुष्ट असेल आणि बोलावणं त्यातल्या एकाच्या नातलगाने दिलं, तर दुसरं कुटुंब येणारच नाही. दोन सुलभक घ्यावेत, दोन्ही बाजूंना मान्य असलेले. जागा कोणाच्याच घरी नको.

जुन्या भांडणात दोघांनाही झळ बसलेली असते आणि दोघांच्याही हातून काही ना काही घडलेलं असतं. तिथे शाळेतला बोलण्याचा क्रम चालत नाही. पहिल्या फेरीत प्रत्येकाने 'गेल्या वर्षभरात या भांडणामुळे माझ्या घरात काय बदललं' एवढंच सांगावं, समोरच्याचं नाव न घेता. या एका फेरीला पाऊण तास लागला तरी लागू द्यावा. घाईने 'आता तोडगा काय' म्हटलं की लोक जुनी यादी काढतात.

वजनदार माणसं ही इथली मोठी अडचण. त्यांनी तोंड उघडलं की बाकीचे माना डोलावतात आणि निवाडा त्यांचाच ठरतो. तो पंचांचा निवाडा झाला, रिस्टोरेटिव्ह बैठक नव्हे. त्यांना बोलवावं, पण शेवटच्या फेरीत बोलू द्यावं आणि ठरावाला संमती फक्त भांडणातल्या माणसांची घ्यावी. बायका, भाडेकरू, तरुण मुलं यांच्याशी तयारीची भेट एकांतात झाली नसेल, तर बैठकीत त्यांचा आवाज येणार नाही.

पोलिसांत तक्रार झालेली असेल तर बैठकीमुळे ती मागे घ्यावी असं कोणावरही दडपण येता कामा नये. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आणि सामाजिक परिषदेने २००२ साली मान्य केलेली तत्त्वंही हेच सांगतात: भाग घेणं ऐच्छिक असावं आणि संमती कधीही मागे घेता यावी.

संपूर्ण शाळेत आणताना

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराच्या शाळांमध्ये २०१५ ते २०१७ या दोन वर्षांत झालेला, रँड या संशोधन संस्थेचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास प्रत्येक मुख्याध्यापकाने ध्यानात ठेवावा. निलंबनं कमी झाली, शिक्षकांना शाळेचं वातावरण सुधारल्यासारखं वाटलं. पण मुलांची शैक्षणिक प्रगती वाढली नाही, आणि सहावी ते आठवीच्या मुलांची उलट घसरली. याचा अर्थ पद्धत सोडून द्यावी असा नाही. पण निलंबन आजपासून बंद असं फर्मान काढून शिक्षकांच्या हाती त्याच्या जागी काहीच न देणं अंगाशी येऊ शकतं. दंगा करणारं मूल वर्गातच राहतं, बैठकीला कोणाला वेळ नसतो आणि शिकवणं बुडतं.

म्हणून पहिल्या सत्रात स्वतःहून तयार झालेले पाच-सहा शिक्षक आणि फक्त रोजचे गोल. शिक्षकांचा स्वतःचा गोल महिन्यातून एकदा. जे शिक्षकांनी अनुभवलेलं नाही ते त्यांना मुलांबरोबर करता येत नाही. दुसऱ्या सत्रात दोन मिनिटांचे प्रश्न सगळ्या शाळेत. औपचारिक बैठका दुसऱ्या वर्षी, आणि त्याही सुलभकाच्या वेळापत्रकात आठवड्याचे चार-पाच तास खरोखर मोकळे केल्यावरच. नियम आणि कारवाया तोवर जागच्या जागी राहू द्याव्यात.

नोंदवहीत किती बैठका झाल्या एवढंच लिहून भागत नाही. रकाने असे असावेत: प्रसंगाची तारीख, तयारीच्या भेटी किती, करारातली कलमं किती आणि पुरी किती, सहा आठवड्यांनंतर झळ बसलेल्याचं म्हणणं, त्याच दोघांत पुन्हा काही घडलं का. आणि एक रकाना बैठकीची संधी न देता थेट शिक्षा झालेल्या मुलांचा ठेवावा. सत्राअखेर हा रकाना वाचताना त्यात एकाच वर्गाची, एकाच गटाची मुलं पुन्हा पुन्हा दिसत असतील, तर पुढच्या सत्रात सुलभकाचे पहिले तास त्यांच्यासाठी राखून ठेवावेत.